टाळी वाजवावी असा क्षण

मन भटकतं म्हणून ध्यान सोडून दिलेल्या प्रत्येकाच्या दारावर मला आत्ताच्या आत्ता थाप मारायची आहे आणि सांगायचं आहे, अहो, पुन्हा बसा! तुमचं काहीही बिघडलेलं नाही. श्वासावरून निसटलेलं मन कुठच्या कुठे जाऊन पोचलं होतं, हे मध्येच एकदम लक्षात येतं ना? ते लक्षात येणं हेच ध्यान. त्या क्षणासाठीच बसायचं असतं. आणि तो क्षण आला की स्वतःवर चिडायचं नाही, मनातल्या मनात टाळी वाजवायची. ही गोष्ट मला नुकतीच कळली आहे, आणि कळल्यापासून मला गप्प बसवत नाही. भाजीवाल्या मावशींना सांगून झालं, ऑफिसच्या बसमध्ये सांगून झालं, नणंदेला फोन करून सांगितलं. आता तुम्हाला सांगते.

मी छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, सिडकोत राहते आणि वाळूजच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम बघते. डॉक्टरांनी रक्तदाब बघून म्हटलं, रोज थोडा वेळ शांत बसत जा. म्हणून दूधवाल्याची मोटरसायकल गल्लीत शिरायच्या आधी मागच्या खोलीत सतरंजी टाकून बसायला लागले. श्वास आत, श्वास बाहेर. आत, बाहेर. आणि मग: आज नळाला पाणी यायचा दिवस की उद्या? उद्या असेल तर टाकी भरायला घरी कोण थांबणार? त्या पुरवठादाराचं बिल अजून जीएसटी पोर्टलवर दिसत नाही. मुलीच्या क्लासची फी. वहिनी त्या लग्नात सगळ्यांसमोर मला तसं का बोलली? मी तेव्हा काय उत्तर द्यायला हवं होतं? आणि ते उत्तर मी मनात इतकं झकास रचायची, की श्वास, सतरंजी, पहाट, सगळं गायब!

आमच्या शेजारी पाली भाषेचे निवृत्त प्राध्यापक राहतात. गच्चीवर कुरडया घालताना मी त्यांना म्हटलं, "सर, ध्यान काही जमत नाही. मन सारखं पळतं." ते म्हणाले, "ताई, पळतं हे कशावरून कळतं तुम्हाला?" म्हटलं, "कशावरून म्हणजे? मध्येच लक्षात येतं ना, अरे, आपण तर भलतीकडेच आहोत." त्यावर सर हसले. "म्हणजे जितक्यांदा गेलं तितक्यांदा परत आलं की! गेल्याचा हिशेब ठेवता, आल्याचा का नाही ठेवत? तुम्ही तर अकाउंटवाल्या."

चिकाचं पातेलं तसंच हातात धरून मी उभी राहिले. दुहेरी नोंद! प्रत्येक नावेला जमा असते, हे ज्या बाईचं रोजचं काम, तिला ध्यानाच्या वहीची दुसरी बाजू कुणी दाखवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे बसले ती फक्त परत येण्याचे क्षण पकडायला. आणि काय सांगू! तीच मी, तीच खोली, तेच पाण्याचे आणि बिलांचे विचार, पण दर वेळी 'अरे, गेलं होतं!' असं कळलं की आत काहीतरी लख्ख व्हायचं. उठले तेव्हा थकवा नव्हता. अंगात हुरूप होता.

मग मी वाचत सुटले. एखादा फरक सापडला की तो कुठून आला हे शोधल्याशिवाय मला झोप येत नाही, तसंच झालं. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या दोघांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २,२५० माणसांना फोनवरून दिवसात कुठल्याही वेळी अचानक विचारलं, आत्ता काय करता आहात आणि मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. म्हणजे जागेपणीचं जवळपास निम्मं आयुष्य! गंमत म्हणजे हे लोक ध्यानाला बसलेले नव्हते. जेवत होते, काम करत होते, गाडी चालवत होते. मन ध्यानात भटकायला लागतं असं नाही, ते एरवीही भटकतच असतं. ध्यानात ते फक्त दिसतं. किती मोठा दिलासा आहे हा!

बरं, दिसलं म्हणून दाबावं, तर तेही चालत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली काही जणांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. आणि नंतर त्याच लोकांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा तर ते अस्वल आधीपासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षाही त्यांच्या मनात जास्त नाचलं. 'विचार नको, विचार नको' असं म्हणत बसणाऱ्या सगळ्यांची गोष्ट आहे ही.

मग करायचं काय? इथे मला वेंडी हेझनकॅम्प यांचा २०१२ सालचा प्रयोग सापडला आणि मी खुर्चीतून उठलेच. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात त्यांनी ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवलं. श्वासाकडे लक्ष ठेवा, आणि मन भटकलं होतं असं ज्या क्षणी कळेल त्या क्षणी बटण दाबा, एवढंच सांगितलं. त्यातून ध्यानाचं एक चक्र स्पष्ट दिसलं: भटकणं, भान येणं, लक्ष वळवणं, लक्ष टिकणं, आणि पुन्हा भटकणं. या चारही टप्प्यांत मेंदूचे वेगवेगळे भाग कामाला लागतात. माझ्यासाठी यातली सगळ्यात मोठी बातमी ही, की मुरलेल्या साधकांनीही बटणं दाबली! त्यांचंही मन जातं. चक्र फिरणं हाच सराव आहे. चारातला पहिला टप्पा काढून टाकला तर भान यायला जागा कुठे उरणार?

हे सगळं मी धावत जाऊन सरांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "हो. पण परदेशी जायची घाई का करता? आपल्याच गावात बघा की." आणि त्यांनी मला आधी मज्झिम निकाय या पाली ग्रंथातलं विसावं सुत्त समजावून दिलं, वितक्कसंठान सुत्त. बुद्धांनी भिक्खूंना सांगितलेले नको त्या विचारांवरचे पाच उपाय. भिक्खूंना, बरं का! घरदार सोडून, चीवर नेसून, दिवसरात्र साधना करणाऱ्या माणसांनाही हे उपाय लागायचे, म्हणूनच तर ते सांगितले गेले.

पहिला उपाय, बोचरा विचार आला की त्याच्या जागी चांगला विचार आणायचा. मी तो वहिनीवर करून पाहिला. तिचं लग्नातलं बोलणं आठवलं की मुद्दाम आठवायचं, आई दवाखान्यात होती तेव्हा हीच वहिनी रात्रभर बाकावर बसून होती. विचाराची धार तिथल्या तिथे बोथट! दुसरा, हा विचार करून आपलं काय होतंय ते नीट पाहायचं. मला तर माझी रक्तदाबाची गोळीच समोर दिसते. तिसरा, त्याच्याकडे लक्षच द्यायचं नाही, नको त्या दृश्यावरून नजर काढून घ्यावी तसं. चौथा मला सगळ्यात आवडला. घाईघाईने चालणाऱ्या माणसाला वाटतं, मी एवढा पळतो कशाला? तो हळू चालायला लागतो. मग वाटतं, चालतो तरी कशाला? उभा राहतो. मग बसतो, मग आडवा होतो. विचाराचंही तसंच करायचं. तो कुठून निघाला, त्याच्या मागे काय आहे, असं एकेक पायरी मागे जात त्याचा वेग कमी करायचा. जीएसटीच्या बिलामागे साहेबांच्या बोलण्याची भीती निघाली, आणि त्या भीतीमागे 'सगळं माझ्याच अंगावर येणार' ही फार जुनी धास्ती. तिथपर्यंत पोचले आणि बिल आपोआप गळून पडलं. पाचवा उपाय मात्र अगदी शेवटचा, बाकी चार हरले तरच. दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून मनाने मनाला आवरायचं. जोर लावायचा तो सगळ्यात शेवटी. आणि बहुतेक लोक सुरुवातच तिथून करतात!

"आणि नागसेनवनातून जाताना," सर म्हणाले, "ते नाव कुणाचं, हे आठवत जा." त्या रस्त्याने मी कितीदा तरी गेले असेन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केलं. मिलिंद महाविद्यालय, आणि भोवतीचा सगळा परिसर नागसेनवन. मराठवाड्यात घरोघरी मिलिंद आहेत, नागसेनही आहेत. पण ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या 'मिलिंदपञ्ह' या संवादात राजाने नेमका माझाच प्रश्न विचारला आहे, हे मला कुठे ठाऊक होतं! राजा विचारतो, लक्ष देणं आणि प्रज्ञा, यांत फरक काय? दोन्ही एकच नाहीत का? नागसेन म्हणतात, नाही. शेळ्यामेंढ्या, गाईम्हशी, उंट, गाढवं यांनाही लक्ष देता येतं, पण प्रज्ञा त्यांच्याकडे नसते. राजा म्हणतो, उदाहरण द्या. नागसेन विचारतात, जव कापणारे लोक कसे कापतात, ठाऊक आहे ना? डाव्या हाताने जवाची मूठ धरतात, उजव्या हातातल्या विळ्याने कापतात. तसाच साधक लक्षाने मन धरतो आणि प्रज्ञेने मळ कापतो.

माझं माहेर पैठण तालुक्यातलं. गव्हाची सोंगणी मी लहानपणी केली आहे. मूठ सैल धरली तर विळा नुसताच सरकतो. मूठ गच्च धरून विळा चालवलाच नाही तर माणूस दिवसभर वावरात वाकून उभा राहील, पेंढी एकही व्हायची नाही. दोन्ही हात चालले पाहिजेत, एका लयीत. विचार धरायचा: हा आला, हा असा आहे. आणि कापायचा, म्हणजे त्याचा खरा चेहरा ओळखून सोडून द्यायचा. मूठ, विळा. मूठ, विळा. आणि सोंगणाऱ्या बाईला 'वावरात अजून किती गहू उभा आहे' याचा राग येत नाही, पुढे गहू आहे म्हणून तर ती आली आहे! विचार उभे आहेत म्हणून तर आपण बसलो आहोत.

मग रविवारी सकाळी औरंगाबाद लेणी गाठली. बीबी का मकबऱ्याच्या मागे, विद्यापीठाच्या अंगाने वर डोंगरात गेलं की ही लेणी लागतात. अजिंठा-वेरूळची गर्दी इथे नाही. पायऱ्या चढून वर गेलं की खाली सगळं शहर आणि मकबऱ्याचा पांढरा घुमट दिसतो. तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यात बुद्ध बसलेले आहेत आणि त्यांच्यासमोर दोन्ही बाजूंना स्त्रीपुरुष उपासक गुडघे टेकून बसले आहेत, जवळजवळ आपल्याएवढे. कुणाच्या हातात माळ, कुणाचे हात जोडलेले, केसांच्या रचना तर अशा की बघत राहावं. देवाचं शिल्प सगळीकडे असतं, पण इथे देवाकडे बघणाऱ्यांचं लक्ष कोरून ठेवलं आहे! एका दिशेला वळलेल्या त्या चेहऱ्यांसमोर मी किती वेळ बसले कुणास ठाऊक.

आणि सातव्या लेण्यात तर माझा श्वासच अडकला. दाराशेजारी बोधिसत्त्व अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना छोट्या छोट्या चौकटींत आठ भयं कोरली आहेत. आग, तलवार उगारलेला शत्रू, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती, आणि मृत्यू. प्रत्येक चौकटीत संकटात सापडलेली माणसं, आणि मधोमध तो स्थिर. हे शिल्प करुणेचं आहे, संकटात धावून येणाऱ्याचं आहे, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला त्यात माझी पहाटेची बैठक दिसली. मनात येणाऱ्या विचारांतले बहुतेक भयाचेच असतात की! पाण्याचं, पैशाचं, अपमानाचं, आजाराचं. इथे ती भयं पुसून टाकलेली नाहीत. प्रत्येकाला ओळखून, वेगळी चौकट देऊन, आपापल्या जागी बसवलं आहे. तेव्हापासून मी हेच करते. विचार आला की एका शब्दात त्याची ओळख पटवते: 'काळजी', 'आठवण', 'भांडण', 'बेत'. ओळख पटली की तो चौकटीत जातो आणि मी मधल्या जागेवर परत येते. ब्रह्मदेशातले महासी सयाडो हे थोर आचार्य ध्यानात अशीच नोंद करायला शिकवत असत, हे सरांनी मला नंतर सांगितलं.

डोंगर उतरून मी पाणचक्कीला गेले, कारण आता मला थांबवेना. लांबच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून शहरात आणून ते उंचावरून हौदात पाडायचं आणि त्या जोरावर जातं फिरवायचं, ही करामत बघायला सगळे येतात. पण ही जागा बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची आहे. ते बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी पंथाचे सूफी. नक्शबंदींच्या साधनेचे जे नियम आहेत त्यांतला पहिलाच श्वासाचा: एकही श्वास बेभान जाऊ द्यायचा नाही. चालताना नजर पावलावर ठेवायची. भरल्या गर्दीत आतून एकांतात राहायचं. नामस्मरणात मन निसटलं की पुन्हा माघारी वळायचं. मनाच्या दारावर पहारा ठेवून भरकटणारे विचार आत येतानाच ओळखायचे. मी तिथल्या भल्यामोठ्या वडाखाली बसून हे सगळं मनात घोळवत होते. वर डोंगरात भिक्खू, खाली पाण्याकाठी सूफी. काळ वेगळा, भाषा वेगळी, श्रद्धा वेगळी, आणि दोघांच्या हाती तोच श्वास आणि तेच माघारी वळणं! पावलावर नजर ठेवायचा नियम मी लगेच उचलला. सिडको बसस्थानकासमोरचा रस्ता ओलांडून ऑफिसच्या बसपर्यंत जाते ती माझी दुसरी बैठक झाली आहे.

तरीही एक प्रश्न उरला होता. परत यायचं, हे कळलं. पण हे पुन्हा पुन्हा परत येणं आयुष्यभर कुठल्या बळावर करायचं? कंटाळा नाही का यायचा? याचं उत्तर मला देवगिरीने दिलं, आणि ते उत्तर अकाउंटवालीसाठीच राखून ठेवलेलं होतं!

एकनाथ महाराज पैठणचे. लहान वयात ते देवगिरी किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी तिथले अधिकारी. त्यांनी एकनाथांना हिशेबाच्या कामाला बसवलं. कथा अशी सांगतात, की एकदा हिशेबात एका पैचा फरक येत होता. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या उलटत बसले. भूक नाही, झोप नाही. आणि उत्तररात्री ती चूक सापडली! आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली. आवाजाने जनार्दनस्वामी जागे झाले, त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग हेच चित्त भगवंताकडे लावलंस तर काय होईल! पुढे त्यांनी एकनाथांना खुलताबादजवळच्या शूलिभंजन पर्वतावर साधनेला पाठवलं.

ही गोष्ट मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आले. पण टाळीकडे माझं लक्ष कधी गेलंच नव्हतं. ती टाळी! मार्च अखेरीला ट्रायल बॅलन्स जुळत नसतो, रात्रीचे आठ वाजलेले असतात, आणि मग एका उलट्या पडलेल्या नोंदीत फरक सापडतो, तेव्हा आमचा अख्खा विभाग टाळ्या वाजवतो. चूक केली म्हणून कुणी त्या क्षणी रडत नाही. ती सापडली याचाच आनंद इतका असतो! मन भटकलेलं सापडणं हीसुद्धा तशीच सापडलेली पै आहे. आणि पुढे काय झालं बघा. हेच एकनाथ, ज्यांनी रात्रभर एक पै शोधली, त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अशुद्ध पाठ शोधून तो ग्रंथ शुद्ध करून ठेवला. आज आपल्या हातात ज्ञानेश्वरी आहे ती या माणसाच्या लक्षामुळे.

म्हणून मी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढला. ज्ञानेश्वर महाराज आपेगावचे, म्हणजे पुन्हा पैठणच्याच पंचक्रोशीतले. ग्रंथ सांगितला नेवाशाला, १२९० मध्ये. गीतेच्या या अध्यायात अर्जुन सरळ तक्रार करतो, की मन चंचल आहे, त्याला धरणं वाऱ्याला धरण्याइतकं अवघड. ती तक्रार वाचताना मला वाटलं, अर्जुनही आमच्याच बसमधला! भगवंत त्याला खोटं ठरवत नाहीत. ते म्हणतात, मन चंचल आहे खरं, पण अभ्यासाने आणि वैराग्याने ते हाती येतं. जिथे जिथे जाईल तिथून तिथून त्याला माघारी आणावं, हे तर त्यांनी आधीच सांगितलेलं असतं. आणि यावर ज्ञानेश्वर महाराज जे सांगतात ते वाचून मी पोथी छातीशी धरली. ते म्हणतात, या मनात एक चांगला गुण आहे. जिथे गोडी लागते तिथे ते सोकावतं. म्हणून त्याला कौतुकाने आत्मसुखाची गोडी दाखवत जावं.

कौतुकाने! मनाला ओढून आणायचं नाही, रागवायचं नाही. परत आल्यावर त्याला गोड वाटेल असं करायचं, म्हणजे ते आपण होऊन येईल. सगळं एका क्षणात जुळलं, हिशेब जुळतो तसं. सरांनी सांगितलेली जमेची बाजू, नागसेनांची मूठ आणि विळा, नक्शबंदींचं माघारी वळणं, एकनाथांची टाळी. परत येण्याच्या क्षणी आपण मनाशी कसं वागतो, यावर ते पुन्हा येईल की नाही हे ठरतं. परत येताच ज्याला बोलणी बसतात ते मन घरी कशाला येईल?

आता मी बसते ती अशी. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष नाकपुडीपाशी येणाऱ्याजाणाऱ्या श्वासावर. मन जातं. जाऊ देते, कधी गेलं ते कळतच नाही, कुणालाच कळत नाही. मग एकदम भान येतं. इथे मी थांबते. लगेच श्वासाकडे धाव घेत नाही. हा पै सापडल्याचा क्षण आहे, तो पूर्ण जगून घेते. चेहऱ्यावर हसू येतं, ते येऊ देते. एका शब्दात विचाराची ओळख पटवते. मग पुढचा श्वास सोडता सोडता परत येते. एखादा विचार फारच चिवट निघाला तर त्या पाचांतला उपाय काढते, आणि जोर लावायचा उपाय शेवटीच ठेवते. कामाचं काही आठवलं तर उठून लिहून ठेवत नाही. खरंच कामाचं असेल तर ते नंतर आठवतंच. आणि ज्यांच्या मनात शांत बसलं की फार जुनं, फार जड दुःख उसळून येतं, त्यांनी एकट्याने झगडू नये. जाणत्या माणसाच्या सोबतीने, गरज असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बसावं, हे मी कळकळीने सांगते.

आणि याचा उपयोग सतरंजीपुरता राहत नाही, हे तर सगळ्यात मोठं! परवा एका नव्या मुलाने चुकीच्या खात्यात नोंद टाकली. मी रागाने मेल लिहायला घेतला आणि अर्ध्या वाक्यात हात थांबला. 'राग', मनात नोंद झाली. तोच क्षण! सकाळी मागच्या खोलीत येतो तोच क्षण भरदुपारी वाळूजच्या ऑफिसात आला. मेल पुसला, त्या मुलाला शेजारी बसवून नोंद कशी उलटायची ते दाखवलं. पहाटे ज्याचा सराव होतो ते दुपारी कामाला येतं, यापेक्षा आणखी काय हवं? लेकीशी बोलताना मन तिच्या बोलण्यातून निसटलं की आता मला कळतं, आणि मी परत येते. तिला ते जाणवतं. ती आता जास्त बोलते.

मला अजून खूप पुढे जायचं आहे. सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि त्यांनी विपश्यनेची शिबिरं सुरू केली. इगतपुरीचं धम्मगिरी साऱ्या जगाला माहीत आहे, पण आपल्याकडेही धम्म अजंता हे केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीनेक दिवस फक्त श्वास, बाकी काही नाही, आणि पूर्ण मौन. मन गेलं की खंत न करता परत आणायचं, हीच तिथली पहिली शिकवण. मी अर्ज भरला आहे. शूलिभंजनला जायचं ठरलं आहे. आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर सहावा अध्याय वाचायला सुरुवात केली आहे. सर येतात, नणंद येते, भाजीवाल्या मावशी येतात, अकाउंट्समधला तो नवा मुलगाही येतो. आधी थोडा वेळ श्वास, मग ओव्या, मग ज्याला त्या आठवड्यात मन कुठे कुठे सापडलं ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी खरोखरची टाळी वाजवायची. तुमच्याही गच्चीवर हे सुरू करा. जागा लागत नाही, पैसा लागत नाही, शांत मन तर मुळीच लागत नाही. भटकणारं मन मात्र हवं, आणि ते प्रत्येकाकडे आहे!